पाण्याच्या आधी

हे मनन बसून करायचं आहे, पण हात मोकळे ठेवा. डोळे मिटायची गरज नाही.

समोर टेबलावर एक कापड पसरलेलं आहे असं समजा. नायलॉनचं, हलकं, चौरस मीटरला १७० ग्रॅमच्या आसपास भरेल असं. एक बाजू निस्तेज आणि किंचित खरखरीत, दुसरी गुळगुळीत. आधी खरखरीत बाजूवरून बोट फिरवा. बोट सहज सरकतं. आता कापड उलटा आणि गुळगुळीत बाजूवरून फिरवा. इथे बोट अडखळतं. ज्याला ते अडखळलं तो टीपीयूचा थर आहे. उष्णतेनं मऊ होणारा, थंड झाला की पुन्हा चिवट होणारा, रबराच्या जातीचा प्लास्टिकचा प्रकार. आज या कापडाची एक पिशवी करायची आहे आणि तिच्यात काहीही ठेवायचं नाही.

कात्रीकडे हात जाईल. जाऊ देऊ नका. पिशवी कशासाठी, ते आधी डोळ्यांपुढे येऊ द्या.

तारकर्लीला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना देतात ती रंगीत प्लास्टिकची कयाक तुम्ही पाहिली असेल, कदाचित चालवलीही असेल. तिच्यावर बसायचं असतं, आत नाही. ती म्हणजे सगळीकडून बंद असलेलं पोकळ कवच; उलटली तरी आत पाणी शिरायला वाट नाही. तिला आपल्या पिशवीची गरज नाही. आपली होडी वेगळी. ग्रीनलंडच्या धर्तीची, लाकडी सांगाड्याची. बरगड्या वाफेवर वाकवलेल्या आणि त्यांच्यावर ताणून शिवलेलं आवरण. ते पूर्वी सीलच्या कातड्याचं असे. आता हौसेनं घरी होड्या बांधणारे अमेरिकेत, युरोपात बहुधा नायलॉन वापरतात आणि वरून पाणी न शिरू देणारा लेप देतात. लांबी पाच मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम अर्धा मीटर, वजन एकट्यानं खांद्यावर टाकून न्यावं इतकं. मधोमध एक तोंड. त्यातून पाय पुढे सारायचे आणि बसायचं.

मनानं तिच्यात बसा. पायांच्या पलीकडे नाळेपर्यंत निमुळती होत गेलेली पोकळी आहे. पाठीमागे तशीच दुसरी. मध्ये आडवी भिंत कुठेही नाही. आवरण पातळ आहे, त्यामुळे उन्हाच्या दिवशी आत मधाच्या रंगाचा उजेड येतो, बरगड्यांच्या सावल्या दिसतात, आणि पाण्याची पातळी बाहेर कुठवर आहे तेही कापडावरच्या गडद रेघेनं कळतं. ती रेघ तुमच्या कमरेच्या वरखाली कुठेतरी आहे. म्हणजे तुम्ही पाण्यात बसलेले आहात. मध्ये फक्त एक कापड आहे.

या पोकळीत अडीचशे-तीनशे लिटर हवा मावते. ती हवा आपण कधी मोजत नाही. होडी रिकामी आहे, असंच म्हणतो.

आता होडी उलटते.

घाबरू नका, आपण टेबलाशीच बसलो आहोत. तुम्ही बाहेर आलात, होडी सरळ केली, आणि ती बुडाली नाही, कारण लाकूड तरंगतं. पण तिच्या तोंडाची कड आता पाण्याला टेकलेली आहे. आत दोन-अडीचशे लिटर पाणी आहे, म्हणजे तेवढेच किलो. डबा घेऊन उपसायला लागलात तर चार डबे बाहेर जातात आणि पुढची लाट आठ डबे आत टाकते. तुम्ही कडेला रेटा देऊन चढायला बघता, तर कड आणखी खाली जाते. होडी आहे, हातात आहे, आणि काडीच्या उपयोगाची नाही. या अवस्थेपाशी थोडं थांबा. बुडालेल्या होडीपेक्षा न बुडालेली ही होडी जास्त फसवी असते, असं मला वाटतं. ती सोडवतही नाही आणि वाचवतही नाही.

पिशवीचं काम इथे आहे. हवेची पिशवी होडीला वर उचलते असं आपण सहज म्हणून जातो. ती काही उचलत नाही. पुढच्या निमुळत्या पोकळीत ती फुगून बसली की तिथे पाण्याला जागा उरत नाही, एवढंच. एक लिटर हवा बसली तिथे एक लिटर पाणी बसणार नाही. पुढे-मागे मिळून दीडशे-पावणेदोनशे लिटर असे अडवले तर पाण्याला उरते ती तुमच्या बसण्यापुरती जागा. होडी उंच तरंगते, कड पाण्याच्या वर राहते, उपसलेलं पाणी उपसलेलंच राहतं.

पिशव्या दोन लागतात, एक पुढे आणि एक मागे. एकच असेल तर ते टोक वर राहतं, दुसरं भरत जातं, आणि होडी पाण्यात सरळ उभी राहते. फक्त नाक बाहेर. लंडनमध्ये टेम्सच्या काठी इजिप्तहून आणलेला दगडी स्तंभ आहे, त्यावरून कयाकवाले या स्थितीला ‘क्लिओपात्राची सुई’ म्हणतात. नाव गमतीचं आहे. तशी उभी राहिलेली होडी भर समुद्रात आडवी करणं अजिबात गमतीचं नाही.

आता एक दीर्घ श्वास घ्या आणि सावकाश सोडा. हा श्वास मोजून ठेवा, पुढे लागणार आहे. मोठ्या माणसाचा पोट भरून घेतलेला श्वास तीन-चार लिटरचा असतो. नेहमीचा, न कळत चाललेला, अर्ध्या लिटरचा.

श्वास कातड्यात कोंडून पाणी ओलांडायची कल्पना फार जुनी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातली एक कोरीव शिळा आहे. अशूरनासिरपाल दुसरा या अश्शूरी राजाच्या काळची, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली. त्यात माणसं नदी पोहून जाताहेत, पोटाखाली जनावराचं फुगवलेलं कातडं आहे, आणि त्या कातड्याची नळी तोंडात धरलेली आहे. पोहता पोहता ते फुंकताहेत. म्हणजे त्यांची पिशवी गळत होती! मला या शिळेतली ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. जोड कुठेतरी कच्चा होता, तो शिल्पकारानं लपवला नाही. आपल्याकडे १५३९ साली चौशाला शेरखानानं हुमायूनचा पराभव केला तेव्हा गंगेतून बादशहाला पैलतीरी नेलं ते निजाम नावाच्या भिश्त्यानं, फुगवलेल्या मशकीवर. आणि त्या बदल्यात त्याला थोड्या काळासाठी तख्तावर बसवलं गेलं, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आणि गावच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा किंवा बंद झाकणाचा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली पिढी अजून आपल्यात आहे. तिला हे सगळं समजावून सांगायची गरज नाही.

कयाकच्या घरी, ग्रीनलंडमध्ये, शिकाऱ्याच्या पाठीमागे होडीवर सीलच्या अखंड कातड्याची फुगवलेली पिशवी असे. तिला अवाताक म्हणतात. हार्पूनची दोरी तिला बांधलेली. सीलला हार्पून लागला की पिशवी पाण्यात टाकून द्यायची. सील बुडी मारतो, पिशवी त्याला मागे खेचते, दमवते, कुठे आहे ते दाखवते आणि मेल्यावर तळाशी जाऊ देत नाही. ही पिशवी, होडीचं कातडं, शिकाऱ्याच्या मनगटाला आणि चेहऱ्याभोवती घट्ट बसणारा आणि होडीच्या तोंडाला बांधला जाणारा अंगरखा, हे सगळं शिवायच्या बायका. त्यांचा एक टाका असा होता की सुई कातड्याच्या आरपार जातच नसे. अर्ध्या जाडीतून शिरायची आणि तिथूनच परत फिरायची. बाहेरच्या बाजूला भोक नाही, तर पाणी येणार कुठून? शिवण दोन्ही बाजूंनी दोनदा. अलास्कात आतड्यांच्या पट्ट्यांपासून अंगरखे शिवताना शिवणीत सुकं गवतही घालत. ओलं झालं की ते फुगायचं आणि टाक्यांची फट बुजायची. शिकारीचं नाव शिकाऱ्याचं व्हायचं. तो परत यायचा मात्र टाक्यावर.

चला, आता कापडाकडे.

आकार मनात काढा. नाळेकडची पिशवी लांब शंकूची: एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला जवळजवळ टोकदार. सपाट कापडावर ती त्रिकोणासारखी दिसते. इथे एक गोष्ट हिशेबात धरा. सपाट पिशवी फुगली की अरुंद होते. पन्नास सेंटिमीटर रुंदीच्या दोन थरांचा घेर शंभर सेंटिमीटर, आणि शंभरच्या घेराचा व्यास बत्तीसच्या आत. पन्नास दिसत होते, बत्तीस मिळाले. पहिल्यांदा पिशवी करणारे बहुतेक जण इथेच चकतात. होडीचं माप घेतात, तेवढंच कापड कापतात, आणि मग पिशवी पोकळीत सैल लोंबते.

म्हणून मोठी कापा. होडीतल्या जागेपेक्षा चांगली मोठी.

याला दुसरंही कारण आहे आणि ते पहिल्यापेक्षा मोठं आहे. जागेपेक्षा लहान पिशवी फुगली की सगळा ताण तिच्या स्वतःच्या जोडावर येतो. जागेपेक्षा मोठी पिशवी फुगते, बरगड्यांना टेकते आणि तिथेच थांबते. पुढचा दाब होडी घेते. जोडाला ताण जवळजवळ येतच नाही. तो सुरकुत्यांमध्ये सैल पडून राहतो. एकाच कापडाच्या, एकाच हातानं केलेल्या दोन पिशव्या. एक पहिल्याच उन्हाळ्यात कडेला उसवते आणि दुसरी कित्येक वर्षं टिकते. फरक जोडाच्या मजबुतीत नाही. दुसरीच्या जोडाकडे कुणी मजबुती मागितलीच नाही. हे वाक्य वाचून लगेच पुढे जाऊ नका. आपल्या ओळखीच्या कुणाकडे आपण उगाच मजबुती मागतो का, असा विचार मनात आला तर येऊ द्या, पण त्याच्या मागे जाऊ नका. आज पिशवीच करायची आहे.

दोन तुकडे कापले. गुळगुळीत बाजू एकमेकींना लावून ठेवा. इस्त्री लावा.

घरातलीच इस्त्री चालते, वाफेची असेल तर वाफ बंद करून. लोकरीच्या खुणेपासून सुरू करा आणि हळूहळू सुतीकडे न्या. टीपीयूचा थर साधारण दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होऊन दुसऱ्या थरात मिसळतो. नायलॉनच्या काही जाती २२० अंशांनाच वितळतात, काही २६०च्या आसपास. म्हणजे चिकटणं आणि जळणं यांच्यामध्ये थोडीशीच जागा आहे आणि त्यातही इस्त्रीचा काटा खालीवर होत राहतो: दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. तो एकदोनदा लागू-विझू द्या. खिडकी उघडी ठेवा. थर जास्त तापला तर निघणारी वाफ छातीला चांगली नाही.

आधी चिंधीवर करून बघा. दोन पट्ट्या चिकटवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि सोलून बघा. जोड कच्चा असेल तर दोन थर एकमेकांपासून स्वच्छ सुटतात. जोड पक्का असेल तर थर थराला सोडत नाही. कापडावरूनच निघून येतो, मागे उघडं विणकाम दिसतं. तुम्हाला हवी आहे ती ही दुसरी नासाडी. काही काम असं असतं की ते चांगलं झालंय हे फक्त मोडून कळतं, आणि त्यासाठीच चिंध्या ठेवायच्या.

आता खरी कड. दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी धरा. इस्त्रीचं टोक ठेवा. दाबा. मोजा, सावकाश, मनात. पुढे सरकवा. कापडाखालचा रंग बदलतो. दोन थर एक झाले की ते किंचित गडद, ओलसर दिसतात आणि जिथे हवेचा बुडबुडा राहिला तिथे फिका डाग राहतो. डोळा त्या डागांवर ठेवा. इस्त्री उचललीत की लगेच चमच्याच्या पाठीनं किंवा छोट्या रुळानं ती जागा दाबा आणि तशीच थंड होऊ द्या. जोड लागतो तो थंड होताना. गरम असताना उचलून ‘बघू चिकटलं का’ म्हणणाऱ्यांनीच अर्धे जोड सोडवलेले असतात.

पुन्हा: ठेवा, दाबा, मोजा, सरकवा, थंड होऊ द्या.

मन भटकेल. भटकू द्या, पण इस्त्री उचलून मगच. या कामात एवढी एक शिस्त आहे: मन टेबलावर नसेल तेव्हा इस्त्रीही कापडावर नसावी.

जोडाबद्दल एक गोष्ट हातांनी समजून घ्या. चिंधीचा पक्का जोड घ्या. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सरकतील अशा आडव्या ओढा. जंग जंग पछाडलंत तरी सुटणार नाही. आता त्याच दोन पट्ट्या कडेपासून वर, खाली अशा सोला. सुटतील, किंवा सुटायला लागतील. तोच जोड, तोच हात, तेवढाच जोर. सोलताना सगळा जोर एका रेघेवर येतो, ओढताना तो रुंदीभर पसरतो. फुगलेली पिशवी आपल्या कडांना सोलत असते. पट्टी रुंद ठेवायची, कोपरे गोल कापायचे, आणि पिशवी मोठी कापून होडीला टेकवायची, ही सगळी खटपट त्यापायी.

नळी शेवटी. फुंकायची नळी आणि तिचं फिरवून बंद होणारं बूच पिशवीच्या रुंद टोकाला लावा. नळी इतकी लांब हवी की होडीत बसल्या जागी ती तोंडापर्यंत येईल. नळीच्या बुडाशी टीपीयूचीच चकती असेल तर ती कापडाला इस्त्रीनं चिकटते. नसेल तर योग्य गोंद लागतो आणि तो सुकायला एक रात्र द्यावी लागते. या जागेला कुणीही कौतुकानं बघत नाही, आणि पिशवी गळते ती बहुधा इथेच.

बाजारात या पिशव्या मिळतात आणि उत्तम मिळतात, हेही सांगायला हवं. काही जण वाइनच्या खोक्यातली चंदेरी पिशवी धुऊन, फुगवून होडीत कोंबतात. काही जण समुद्रावर खेळायचे चेंडू, काही जण बुचं घट्ट लावलेल्या पाण्याच्या बाटल्या. जागा अडली की झालं, पाणी ब्रँड विचारत नाही. तरी घरी करण्यात एक फायदा आहे जो विकतच्या पिशवीत नाही: कुठला जोड कुठल्या क्षणी लावला आणि तेव्हा मन कुठे होतं, हे तुम्हाला ठाऊक असतं. गळती लागली की हात थेट तिथे जातो.

आता फुंका.

मघाशी मोजलेला श्वास आठवा. चाळीस लिटरची पिशवी म्हणजे दहा-पंधरा मोठे श्वास. एकदम फुंकू नका, भोवळ येईल. एक श्वास आत घ्या, नळीत सोडा, नळी जिभेनं धरा, दोन श्वास स्वतःसाठी घ्या. पुन्हा एक पिशवीला. पहिल्या चार-पाच श्वासांत काहीच होत नाही. कापड नुसतं कुसकुसतं. मग एक सुरकुती उलगडते, टोक सरळ होतं. आठव्या-नवव्या श्वासाला तिला अंग येतं. ध्यानाच्या वर्गात श्वास येतो-जातो तो बघायला सांगतात. इथे गेलेला श्वास समोर जमा होतो, त्याला आकार येतो, त्यावर कोपर टेकता येतं. हे बघून थोडं हसू आलं तर चांगलंच आहे.

बूच बंद करा. पिशवीवर एक जाड पुस्तक ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुस्तक खाली आलं असेल तर पिशवी बादलीत दाबा किंवा कडेवरून साबणाच्या पाण्याचा फडका फिरवा, आणि सायकलच्या दुकानात पंक्चरवाला घमेल्यातल्या ट्यूबकडे बघतो तसं बघा. तो बोलत नाही, घाई करत नाही. ट्यूब एक-एक वीत सरकवतो आणि बुडबुड्याची वाट बघतो. बुडबुडा दिसला की पेनानं खूण करा, पिशवी वाळवा, तेवढ्याच जागी इस्त्री.

पण पुस्तक खाली आलं म्हणजे गळतीच, असंही नाही. तुमचा श्वास जवळजवळ सदतीस अंशांचा होता. रात्री खोली थंड झाली, हवा आकसली. पाण्यात हेच जास्त जाणवतं. किनाऱ्यावर उन्हात होडीच्या पोटात पस्तीस अंशांवर टम्म फुगवलेली पिशवी दहा अंशांच्या पाण्यात गेली की आठ टक्क्यांच्या आसपास आकसते. म्हणून होडी पाण्यात टाकल्यावर थोडा वेळ थांबून, नळी तोंडाला लावून, आणखी दोन श्वास द्यायचे. उलटंही खरं. होडी उन्हात काढून ठेवली आणि बुचं बंदच राहिली, तर जोड सोलून निघतात. मोटारीच्या टपावर होडी बांधून डोंगर चढणाऱ्यांनी तर आधी बूच सैल करावं. तीन हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांपर्यंत उतरतो, आणि पिशवीतल्या हवेला ते लगेच कळतं.

पिशवी होडीत बसवा आणि बांधा. बांधायची विसरू नका, कारण पाणी शिरलं की हवेला वर जायचं असतं. मोकळी पिशवी तोंडातून बाहेर उसळून तरंगत निघून जाते.

आता ती तिथे आहे. पायांच्या पलीकडे, नजरेआड. चांगल्या दिवशी तिचा काहीच उपयोग नाही. वाळूचा कण बरगडी आणि कापड यांच्यामध्ये सापडू नये, एवढी काळजी घ्यायची आणि विसरून जायचं. ती आयत्या वेळी भरता येत नाही. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिलं मिनिटभर त्याच्या ताब्यात नसतो. धाप लागते, छाती आपोआप आत ओढते. त्या मिनिटात कुणी पिशवी फुंकू शकत नाही. जे श्वास तेव्हा कामाला येतात ते किनाऱ्यावर, कोरड्या अंगानं, कंटाळत दिलेले असतात.

हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरनं १९५६ साली अटलांटिक ओलांडला तो ५.२ मीटरच्या घडीच्या कयाकमधून. क्लेपर कंपनीची ‘एरियस’. तिच्या दोन्ही काठांना आवरणाच्या आत हवेच्या लांब नळ्या असतात. फुगवल्या की आवरण ताणलं जातं आणि होडी उंच तरंगते. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासपासून कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिनपर्यंत ७२ दिवस, एकटा. निघण्याआधी कित्येक महिने तो रोज पडून स्वतःला मोजकी वाक्यं सांगत असे: की आपण पोचणार आहोत, की दिशा पश्चिमेची, की हार मानायची नाही. योहानेस शुल्त्झ या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं बसवलेली ही आत्मसूचनेची पद्धत. प्रवासाच्या उत्तरार्धात वादळात होडी दोनदा उलटली. एक रात्र त्यानं उलट्या होडीच्या पाठीवर पालथं पडून काढली. त्या रात्री त्याच्या खाली काय होतं, याचा विचार करा. रबराच्या नळ्यांत बंद केलेली बंदरातली हवा होती, आणि घरच्या खाटेवर पडून मनात भरलेली चार वाक्यं. वादळात दोन्ही नव्यानं भरता आली नसती. ती होडी आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

कापड उरलं असेल. त्याची दुसरी पिशवी करा. हिच्यात मात्र वस्तू ठेवायच्या. कोरडे मोजे, लोकरीची टोपी, काड्यापेटी, पोळीचा डबा. तीन बाजू तशाच इस्त्रीनं बंद, चौथी उघडी. उघड्या तोंडाला एक कडक पट्टी लावा आणि दोन टोकांना बकल. वस्तू भरा, गुडघा टेकून हवा काढा, तोंडाच्या कडा जुळवा आणि गुंडाळा. एक घडी, दुसरी, तिसरी. सगळ्या सरळ, सुरकुती न पडू देता. पाणी त्या घड्यांमध्ये शिरायला बघतं आणि वाटेतच थकतं. तीन घड्या कमीत कमी. दोन घड्या घालून ‘चालेल’ म्हणणाऱ्याचे मोजे मी ओळखतो.

शिवणयंत्रावरही ही पिशवी होते, पण मग सुईचं प्रत्येक भोक बुजवावं लागतं, आतून पट्टी किंवा द्रव चढवून. सेंटिमीटरला तीन-चार भोकं धरली तर एका पिशवीला किती, तो हिशेब तुम्हीच करा. मला इस्त्री बरी वाटते.

या दुसऱ्या पिशवीशी एक बारीकसा हिशेब आहे, तो मनात घोळू द्या. वीस लिटरची पिशवी कपड्यांनी भरली, वजन झालं पाच किलो. गोड्या पाण्यात ती पंधरा किलो उचलू शकते. तीच पिशवी डबाबंद अन्न आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरली, वजन पंधरा किलो. जागा तेवढीच अडली, वीस लिटर. पण उचलायला उरले पाचच किलो. मघाशी म्हटलं की पिशवीचं काम फक्त जागा अडवणं. ते हवेच्या पिशवीपुरतं खरं, कारण हवेला वजन नाही म्हटलं तरी चालतं. सामान जागाही अडवतं आणि खालीही ओढतं. लांबच्या सफरीला निघणारे सामानानं ठासून भरलेल्या होडीकडे बघून ‘आता पाण्याला जागाच नाही’ म्हणून निश्चिंत होतात. त्यांनी हा हिशेब एकदा करावा, आणि जमलं तर नाळेच्या अगदी टोकाशी एक छोटी, नुसत्या हवेची पिशवी राहू द्यावी.

तिसरी पिशवी राहिली, वल्ह्याच्या पात्यावर चढवायची. पाण्यात पडल्यावर वल्हं आडवं टाकून तिच्या आधारानं परत होडीत चढायचं असतं. तेवढी एकच पिशवी पाण्यात फुंकावी लागते. म्हणून ती लहान ठेवतात, पाच-सहा श्वासांची, आणि धाप लागण्याचं ते पहिलं मिनिट सरेपर्यंत नुसतं होडीला धरून राहायला शिकवतात.

दिवस संपला की बुचं उघडा. पिशव्या बाहेर काढा, गोड्या पाण्यानं वाळू धुऊन टाका. तोंडानं फुंकलेली हवा दमट असते; ती आत राहिली तर बुरशी धरते. पिशवी दाबून, गुंडाळून, श्वास बाहेर जाऊ द्या आणि नळी खाली करून सावलीत टांगा. पुढच्या वेळी काढाल तेव्हा आधी नळीचं बूड तपासा, मग कोपरे, मग कडा.

आणि आत्ता उठाल तेव्हा इस्त्रीचं बटण बंद आहे ना, तेवढं बघा.